फॉरमॅट मारण्याआधी: सुरू होताना अडकणारा जुना कॉम्प्युटर

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक काळा डेस्कटॉप आहे. २०१२ साली सुटे भाग जुळवून बनवून घेतलेला, आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, आणि वर मेंटेनन्सच्या पावत्यांचा कायमचा गठ्ठा. विसर्जनानंतरच्या सोमवारी त्याने मान टाकली. बटण दाबलं की मदरबोर्डच्या कंपनीचा लोगो यायचा, जायचा, आणि मग काळ्या स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत बसायची. सेक्रेटरी काकांनी तो रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानदाराने न उघडताच सांगितलं, "विंडोज उडालंय काका, फॉरमॅट मारावा लागेल. डेटाची गॅरंटी नाही." फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करून विंडोज नव्याने बसवणं.

सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब त्यात होते. काकांनी डबा उचलून परत आणला आणि मला हाक मारली. मी मागे हात घातला तर तिथल्या पोर्टला एक पेन ड्राइव्ह लावलेला. मांडवात लावायच्या आरत्यांचा. तो काढला आणि कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात सुरू झाला. जुन्या मशीनमध्ये पुष्कळदा 'आधी यूएसबी, मग हार्ड डिस्क' असा क्रम लावलेला असतो. पेन ड्राइव्हवर विंडोज नाही, आरत्या आहेत, हे त्याला समजत नाही. तो तिथेच शोधत बसतो.

दर वेळी इतकं सोपं नसतं. पण गेल्या काही वर्षांत शेजारपाजारचे आणि नातेवाइकांचे जेवढे अडकलेले कॉम्प्युटर मी बघितले, त्यात फॉरमॅट खरोखर गरजेचा होता असे थोडेच निघाले. म्हणून ज्याने आजवर कॅबिनेटचं झाकण कधी काढलेलं नाही, त्याच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितोय. एक स्टार स्क्रू-ड्रायव्हर, शाळेतला पांढरा खोडरबर, रंगकामाचा मऊ ब्रश, एक पेन ड्राइव्ह आणि रविवारची मोकळी सकाळ एवढं सामान सुरुवातीला पुरतं.

आधी नुसतं बघा

पहिली पायरी म्हणजे कशालाही हात न लावता तो कुठे अडकतो ते कागदावर लिहून काढायचं. 'हँग होतो' हे वर्णन पुरेसं नाही. डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' एवढंच सांगण्यासारखं आहे ते.

बटण दाबल्यावर काम एकाकडून दुसऱ्याकडे जात असतं. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, वीज देतो. मग मदरबोर्डवरचा (सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डवरचा) बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि रॅम, कीबोर्ड, डिस्क आहेत का याची हजेरी घेतो. हजेरी झाली की तो हार्ड डिस्कवर विंडोजची सुरुवात कुठे आहे ते शोधतो आणि काम तिच्या हातात देतो. विंडोज आपले ड्रायव्हर, म्हणजे एकेक यंत्र चालवणारे छोटे प्रोग्रॅम, चढवतं. शेवटी लॉगिन, आणि त्यानंतर प्रिंटर, अँटिव्हायरस, टॅली वगैरे मंडळी आपापली जागा धरतात. काम ज्याच्या हातात असताना थांबलं, त्याची चौकशी आधी, आणि ज्याच्या हातात ते जाणार होतं त्याची नंतर.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, असं असेल तर संशय रॅमवर, एसएमपीएसवर किंवा ग्राफिक कार्डवर. अर्थात मॉनिटरची वायर नीट बसलीय ना, हे त्याआधी. लोगोवरच अडकत असेल तर बायोसची हजेरी पूर्ण होत नाहीये. मरणासन्न डिस्क, बिघडलेला कीबोर्ड, मागे लावलेलं एखादं यूएसबीचं यंत्र यांपैकी कोणीतरी उत्तर देत नाही. काळ्या स्क्रीनवर लुकलुकणारी रेघ म्हणजे बायोसला विंडोज सापडत नाही. विंडोजचे ठिपके गोल फिरत राहिले तर डिस्क किंवा ड्रायव्हर. आणि डेस्कटॉप दिसतो, पण माउस हलत नाही किंवा क्लिक केलेलं काही उघडत नाही, तर गर्दी शेवटच्या मंडळींची आहे.

अडकला असं वाटल्यावर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, कशाची तरी वाट बघतंय. दिवा हललाच नाही तर ते पूर्ण गोठलंय. त्याच वेळी कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा बघा. तो अधूनमधून लुकलुकत असेल तर चहा ठेवा आणि वीसेक मिनिटं थांबा. अर्धवट राहिलेलं अपडेट चालू असेल तर मधेच वीज तोडून आपणच नवं दुखणं ओढवून घेतो. दिवा सलग पेटलेला आणि काहीच पुढे सरकत नाही, तर डिस्क एखाद्या खराब जागेवर डोकं आपटतेय असं समजा. बंद करायचंच झालं तर मेन स्विच खटकन बंद न करता पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा.

आता एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. अडकण्याची जागा ठरलेली आहे की वेळ ठरलेली आहे, हे तपासा. दोन-तीनदा सुरू करून फोनच्या स्टॉपवॉचवर मोजा. एकदा लोगोवर, एकदा ठिपक्यांवर, एकदा डेस्कटॉपवर, पण दर वेळी बटण दाबल्यापासून साधारण तेवढ्याच मिनिटांनी अडकत असेल, तर तो प्रोसेसर तापण्याचा मामला आहे. विंडोजचा त्यात दोष नाही. उलट डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी पहिल्या दोन प्रयत्नांत अडकतो, तिसऱ्यात सुरळीत चालतो आणि मग दिवसभर त्रास देत नाही, असं असेल तर एसएमपीएसमधले किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर (थोडी वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्या) म्हातारे झालेत. थंडीत त्यांचा अंतर्गत विरोध वाढतो, थोडे गरम झाले की सुधारतात. आमच्या घरचा एक डबा दोन हिवाळे असाच चालला. त्याला सकाळी उठवण्याची जबाबदारी वडिलांनी आनंदाने घेतली होती.

डिस्कमधून मात्र टक्-टक् असा ठरावीक आवाज येत असेल तर हे चालू-बंदचे प्रयोग करू नका. सरळ हार्ड डिस्कच्या भागाकडे जा.

बाहेरचं सगळं काढा

प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, स्पीकर, पेन ड्राइव्ह, फोन चार्जिंगची वायर, इंटरनेटची वायर, सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माउस, मॉनिटर आणि वीज ठेवा. समोरच्या बाजूला कार्ड रीडर असेल तर त्यात अडकलेलं जुनं मेमरी कार्डसुद्धा. सुरू करून बघा. चालला, तर एकेक वस्तू परत लावत जा. सगळ्या एकदम लावल्या तर गुन्हेगार पुन्हा गर्दीत मिसळतो.

विजेचंही याच वेळी बघून घ्या. कॉम्प्युटर यूपीएसवर असेल तर तो काढून थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि सुरू होताना पंखे, डिस्क, प्रोसेसर सगळे एकदम वीज मागतात तेव्हा ती कमी पडते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि आल्यापासून कॉम्प्युटर बिघडला, अशी तक्रार पुण्यात वरचेवर ऐकू येते. त्यात पुष्कळदा कॉम्प्युटर ठीक असतो, यूपीएसने राम म्हटलेला असतो.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्यांसारखी चुणचुण लागते का? लागत असेल तर अर्थिंग नाही. जुन्या वाड्यातल्या दोन पिनांच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवलेले कॉम्प्युटर मी पाहिलेत. त्याला इलेक्ट्रिशियनच बोलवा, पुढचं सगळं नंतर.

घड्याळाची बॅटरी

आता सुरू करताना डिलीट किंवा एफ २ हे बटण टक-टक दाबत राहा. बायोसची निळी किंवा करडी स्क्रीन उघडेल. इथे लगेच काही बदलायचं नाही, आधी फक्त बघायचं. तारीख आणि वेळ बरोबर आहे का? हार्ड डिस्कचं नाव यादीत दिसतंय का? प्रोसेसरचं तापमान किती? प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. नंतर काही चुकलं तर हेच फोटो कामाला येतात.

तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरची बॅटरी संपलीय. रुपयाच्या नाण्यासारखी चपटी असते, सीआर २०३२ असं तिच्यावर लिहिलेलं असतं, तीन व्होल्टची. घड्याळाच्या दुकानात मिळते, दोन जणांच्या अमृततुल्यच्या खर्चात काम होतं. वीज जोडलेली नसताना तारीख आणि बायोसची सेटिंग हिच्यावर टिकतात.

बॅटरी संपल्याने विंडोज कसं अडकेल, असं वाटतं. तर असं होतं: बॅटरी गेली की बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर परत जातो. जुन्या बऱ्याच मदरबोर्डमध्ये हार्ड डिस्कशी बोलण्याची मूळ पद्धत आयडीई असते, आणि आपलं विंडोज एएचसीआय पद्धतीत बसवलेलं असतं. बॅटरी गेल्यावर बायोस गुपचूप आयडीईवर येतो, विंडोज सुरू होतं, आपलीच डिस्क त्याला ओळखू येत नाही, आणि ते निळी स्क्रीन दाखवतं किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. दुकानात याला सर्रास 'विंडोज उडालं' म्हणतात. बॅटरी बदला, तारीख लावा, साटा मोड नावाची ओळ शोधून एएचसीआय करा, सेव्ह करून बाहेर पडा. त्याने फरक पडला नाही तर ती ओळ पहिल्यासारखी करा.

याच बायोसमध्ये बूट क्रमाचं, म्हणजे विंडोज आधी कुठे शोधायचं याचं, पान असतं. तिथे हार्ड डिस्कला पहिला नंबर द्या. आरत्यांच्या पेन ड्राइव्हचा प्रश्न कायमचा मिटतो.

डबा उघडून

इथे नवखी माणसं घाबरतात. वायर काढलेली असेल तर आत तुम्हाला शॉक देणारं काही नाही, एका वस्तूचा अपवाद सोडून: एसएमपीएस. मागच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यातला, पंखा असलेला, सगळ्या रंगीत वायरी जिथून निघतात तो पत्र्याचा बंद डबा. वायर काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. तो कधीही उघडायचा नाही. बिघडला तर अख्खा बदलायचा.

बाकीचं असं करा. भिंतीतून वायर काढा. मग पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर जाणार नाही. डावीकडचं झाकण दोन स्क्रूंवर असतं.

आत काय दिसेल याची तयारी ठेवा. धुळीची गोधडी तर असतेच. आमच्या ओळखीच्या एका घरी झुरळांचं अख्खं कुटुंब निघालं होतं, आणि एकदा पंख्यात अडकून वाळलेली पाल. ती कित्येक महिन्यांपासून पंखा थांबवून बसली होती. मालकाची तक्रार मात्र 'व्हायरस आलाय' अशी. ब्रशने आणि ब्लोअरने गॅलरीत नेऊन साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरवलं तर ते नको तेवढ्या वेगाने पळतं आणि खराब होतं. ओलं फडकं नको.

मग रॅम. अडकणाऱ्या जुन्या मशीनचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा लागू पडणारा इलाज हाच. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसाळी दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा पातळ थर चढतो आणि संपर्क अर्धवट होतो. स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर दाबा, पट्टी वर येते. कडेला धरून सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, दोन्ही बाजूंनी. खोडरबराचा चुरा स्लॉटवर पाडू नका, बाजूला जाऊन करा. कोरड्या कापडाने पुसा. परत बसवताना पट्टीतली खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवा आणि दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, 'टक' आवाज येऊन चिमट्या आपोआप मिटेपर्यंत. नवखा माणूस इथे जपून दाबतो आणि रॅम अर्धीच बसते. थोडा जोर लागतो, लावा.

दोन पट्ट्या असतील तर एक काढून ठेवा आणि एकीवरच सुरू करा. मग दुसरीवर. मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. एका पट्टीवर चालतो आणि दुसरीवर अडकतो, म्हणजे चोर सापडला. बीप आवाज येत असतील तर किती लांब, किती आखूड ते लिहून ठेवा. त्यांचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो, मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघावा लागतो.

डबा उघडा असतानाच मदरबोर्डवरच्या छोट्या उभ्या नळकांड्या बघा. तेच कपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. पुरीसारखं टम्म फुगलेलं किंवा वर तपकिरी चिकट डाग असेल तर सुरू होण्यातल्या लहरीपणाचं कारण समोरच आहे. निष्णात कारागीर ते बदलून देतो, पण बारा-तेरा वर्षांच्या बोर्डवर तो खर्च करावा का, हे आधी ठरवा. हार्ड डिस्कची चपटी साटा केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा बसवा, जमल्यास दुसरी लावून बघा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल आणि मदरबोर्डवरही मॉनिटरची जागा असेल, तर कार्ड काढून मॉनिटर तिथे लावा.

'वेळ ठरलेली' अशी नोंद तुमच्या कागदावर असेल तर प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का, त्याखालची जाळी धुळीने बुजलीय का ते बघा. जाळी आणि प्रोसेसर यांच्या मधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळून खडू होते. जुनी पुसून प्रोसेसरच्या मधोमध नवी लावायची, फार तर मटारच्या दाण्याएवढी. पोळीला तूप लावल्यासारखी थापू नका.

हार्ड डिस्क, आणि त्यातलं

वरच्या सगळ्याला दाद दिली नाही तर डिस्ककडे वळायचं. आणि इथे क्रम चुकवायचा नाही: आधी डेटा बाहेर, मग दुरुस्ती.

कारण सांगतो. नारायण पेठेतल्या एका छापखान्याच्या कॉम्प्युटरला कोणीतरी हौसेने 'डिस्क चेक' लावून दिलं. ते रात्रभर चाललं आणि सकाळी डिस्क ओळखूच येईना. त्या तपासणीत डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचला जातो. धाप लागलेल्या माणसाला पर्वती चढायला लावण्यासारखं ते आहे. छापखान्याचं नुकसान वेगळंच होतं: श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधली पत्रिकांची आणि पुस्तकांची पानं. युनिकोडच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या त्या फाइली मूळ फॉन्टशिवाय उघडल्या तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. अशा मशीनवर फॉरमॅट म्हणजे फाइलींबरोबर त्या वाचण्याची सोयही जाते. पुण्यात असे कॉम्प्युटर अजून बरेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

डेटा काढायचा सोपा रस्ता: दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) डाउनलोड करा आणि रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. त्या पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जाईल, हे लक्षात ठेवा. अडकलेल्या मशीनला तो लावून सुरू करताना एफ १२, एफ ११ किंवा एस्केप दाबा (कंपनीप्रमाणे बदलतं), आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. काही इन्स्टॉल करायचं नाही. पेन ड्राइव्हवरूनच एक डेस्कटॉप उघडतो. त्यात तुमच्या डिस्कवरचे फोल्डर दिसतात, ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. विंडोज नीट बंद झालेलं नसेल तर लिनक्स डिस्कवर लिहू देत नाही, नुसती वाचू देतं. आपल्याला तेवढंच हवंय. आधी फोटो आणि हिशेब, मग बाकीचं; सिनेमे सगळ्यात शेवटी.

याच प्रयोगातून दुसरं निदानही फुकट मिळतं. पेन ड्राइव्हवरचं लिनक्स तासभर बिनघोर चाललं, तर रॅम, प्रोसेसर, एसएमपीएस बहुधा ठीक आहेत आणि दोष डिस्कचा किंवा विंडोजचा. लिनक्सही तसंच गोठलं, तर विंडोजला बोल लावू नका, पुन्हा डब्याकडे या.

डेटा निघाल्यावर डिस्कची तब्येत बघा. विंडोज कसंबसं सुरू होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा प्रोग्रॅम पुरतो, लिनक्समध्ये 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये तीच माहिती मिळते. दोन ओळी महत्त्वाच्या: रीअलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर. पहिली म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदललेल्या जागा, दुसरी म्हणजे वाचता येत नाहीयेत अशा. शून्य असेल तर उत्तम. पेंडिंगचा आकडा दर दोन दिवसांनी वाढताना दिसला तर ती डिस्क दुरुस्त होत नाही, बदलायची.

बदलायचीच आहे तर एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी नव्या प्रकारची डिस्क, घ्या. जुनी फिरती डिस्क एखादा तुकडा शोधायला साधारण १० ते १५ मिलिसेकंद घेते, एसएसडीला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे शोधावे लागतात. जुन्या मदरबोर्डवर एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही हे खरं, पण हे शोधणं वाचतं आणि फरक तिथेच पडतो. २.५ इंची साटा एसएसडी मागा. जुन्या बोर्डवर एम डॉट टू ची (पट्टीसारख्या एसएसडीची) जागा नसते. आमच्या सोसायटीच्या डब्याला पुढे तीच बसवली, आणि 'सुरू करून गिरणीत जाऊन यायचं' ही काकांची सवय मोडली.

विंडोजच्या आत

डिस्क ठणठणीत आहे, रॅम स्वच्छ आहे आणि तरी ठिपके फिरतात, तर सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर चढवून विंडोज सुरू करणं. विंडोज ७ मध्ये सुरू होताना एफ ८ दाबत राहायचं. विंडोज १० मध्ये ते बटण मुळात बंद ठेवलेलं असतं. तिथे ठिपके दिसल्यावर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोनदा. तिसऱ्यांदा विंडोज स्वतःच दुरुस्तीची निळी पाटी घेऊन येतं. त्यात ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग आकडा ४.

सेफ मोडमध्ये चालतं आणि एरवी अडकतं, याचा अर्थ बाहेरून आलेला कुठला तरी ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम. गेल्या आठवड्यात काय बसवलं ते आठवा आणि काढा. ग्राफिकचा ड्रायव्हर, नवा प्रिंटर, दुसरा अँटिव्हायरस हे नेहमीचे संशयित. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. अँटिव्हायरस तर नाहीच. काही आठवत नसेल तर सिस्टिम रिस्टोअरने जुन्या तारखेवर जा. त्याने फोटो आणि फाइली जात नाहीत.

सेफ मोडमध्येच कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एस-एफ-सी, एक मोकळी जागा, स्लॅश आणि त्याला जोडून स्कॅननाऊ असं टाइप करा. विंडोज आपल्या फाइली तपासून बिघडलेल्या बदलतं. डिस्क तपासायची कमांड, सी-एच-के-डी-एस-के, आत्ता चालवायला हरकत नाही, डेटा बाहेर निघालेला आहे म्हणून.

विंडोज १० च्या बाबतीत एक खूण ओळखून ठेवा. 'रीस्टार्ट' केलं की नीट सुरू होतो, पण रात्री 'शट डाउन' करून सकाळी लावला की अडकतो. हे उलटं वाटतं, पण कारण आहे. शट डाउन करताना विंडोज पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीखाली आपली अर्धी अवस्था डिस्कवर लिहून झोपतं आणि सकाळी तीच उचलतं. रात्रीची अवस्था बिघडलेली असेल तर सकाळीही बिघडलेलीच. रीस्टार्टमध्ये ते कोरी पाटी घेतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचं बटण काय करील हे ठरवण्याच्या पानावर, या सोयीची खूण काढून टाका. एसएसडी असल्यावर तिची गरजही उरत नाही.

लॉगिननंतर अडकणाऱ्यांसाठी टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअपचं पान. तिथे अँटिव्हायरस सोडून सगळं बंद केलंत तरी आभाळ कोसळत नाही.

इतकं करूनही जमलं नाही तर मग फॉरमॅट, निर्धास्तपणे. फक्त काय बसवायचं याचा विचार करा. विंडोज ७ ची सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि २०१२ चा आय-थ्री त्याला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत बसत नाही. आडमार्गाने बसवून देणारे भेटतात, मी त्या वाटेला जात नाही. ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल, वीजबिल आणि नातवंडांचे फोटो एवढंच आहे त्यांच्याकडे मी लिनक्स मिंट बसवतो. चार जीबी रॅमवर ते चालतं आणि मराठी टायपिंगही होतं. टॅली किंवा जुनी श्रीलिपी लागत असेल तर विंडोजच ठेवा, आणि ते मशीन इंटरनेटपासून दूर.

दुकानात किंवा बाजारात जाताना

तुमचा तो कागद बरोबर न्या. 'लोगोनंतर रेघ लुकलुकते, रॅम पुसली, बॅटरी बदलली, लिनक्सवर नीट चालतो' एवढं सांगितलंत की समोरच्याचा सूर बदलतो. डेटा काढलेला नसेल तर 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही' हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी नको.

सुटे भाग घ्यायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे जाणार असाल तर गाडी लांब लावून चालत जा. जुनी रॅम खिशात ठेवा. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. नमुना दाखवला की वाद नको. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून कीबोर्ड, केबल, कॅबिनेट खुशाल आणा. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क तिथून आणू नका. ज्या दोन वस्तूंवर बाकी सगळं अवलंबून आहे, त्या दुसऱ्याने टाकून दिलेल्या कशाला?

संपलेली बॅटरी आणि फुगलेल्या कपॅसिटरचा बोर्ड ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा वेगळा गोळा होतो. कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना विचारलंत तर कुठे, कधी ते सांगतात. जुनी हार्ड डिस्क मात्र त्यात घालू नका, आणि कॅबिनेटबरोबर विकूही नका. वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख घालून कपाटात ठेवा. तीन-चार महिन्यांनी घरातल्या कोणालातरी एखादा फोटो आठवतोच, आणि तो नेमका कॉपी करायचा राहिलेला असतो.